रेट्रोपायमध्ये गेम टाकताना: फाइल कुठे अडते आणि का

रास्पबेरी पाय ४ हा छोटा कॉम्प्युटर, ३२ जीबीचं मायक्रोएसडी कार्ड, जुने गेम चालवणारी रेट्रोपाय ४.८ ही प्रणाली आणि यूएसबीचे दोन कंट्रोलर. जुने गेम टीव्हीवर खेळायला एवढं सामान पुरतं. उभारणी चटकन होते. खरा वेळ जातो तो गेमच्या फाइली आत पोचवण्यात, आणि पोचलेली फाइल चालत का नाही हे शोधण्यात. गेम सुरू झाला नाही की लोक आधी एम्युलेटर, म्हणजे जुन्या कन्सोलची नक्कल करणारा प्रोग्रॅम, बदलतात, मग सेटिंग उलटसुलट करतात आणि शेवटी कार्ड पुसून पहिल्यापासून सुरुवात करतात. हे काम वारंवार करताना एक गोष्ट पक्की लक्षात आली आहे: दोष एम्युलेटरमध्ये क्वचितच असतो. तो कार्डात असतो, विजेत असतो, नाहीतर फाइलीत असतो. याच क्रमाने शोधलं तर लवकर सापडतो, म्हणून इथेही तोच क्रम ठेवला आहे.

कार्ड आणि वीज

रेट्रोपायची तयार इमेज, म्हणजे कार्डावर जशीच्या तशी लिहायची पूर्ण प्रणाली, मार्च २०२२ मध्ये आलेली ४.८ आवृत्तीची आहे. पाय ४ आणि ४०० साठी एक, पाय २ आणि ३ साठी दुसरी, पहिला पाय आणि झीरोसाठी तिसरी. आतले प्रोग्रॅम त्या त्या बोर्डासाठी तयार केलेले असल्यामुळे एकाची इमेज दुसऱ्याला चालवू नये. पाय ५ साठी ४.८ ची तयार इमेज नाही. तिथे रास्पबेरी पाय ओएस लाइट टाकून त्यावर रेट्रोपायची सेटअप स्क्रिप्ट चालवावी लागते. कार्डावर लिहायला रास्पबेरी पाय इमेजर पुरतो.

इमेज लिहून झाली की विंडोज हमखास विचारतं, हा ड्राइव्ह फॉरमॅट करायचा का? रद्द करा. कार्डाचा दुसरा भाग लिनक्सच्या ईएक्सटी४ पद्धतीचा असतो, विंडोजला तो वाचता येत नाही, म्हणून तो रिकामा वाटतो. इथे ‘हो’ म्हटलं की लिहिलेलं सगळं गेलं.

नवीन कार्ड वापरण्याआधी विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू किंवा लिनक्सवर एफथ्री चालवून पूर्ण कार्ड भरून परत वाचून घ्यावं. ६४ जीबी लिहिलेलं कार्ड आत ८ जीबीचंच असणं बाजारात नवीन नाही. अशा कार्डाचा त्रास उशिरा कळतो. पहिले छोटे गेम नीट चालतात, नंतर टाकलेल्या मोठ्या फाइलींचं नाव आणि आकार बरोबर दिसतो, पण आत कचरा असतो. मग माणूस प्लेस्टेशनच्या एम्युलेटरशी झटापट करत बसतो.

पहिल्यांदा सुरू होताना पाय कार्डाची पूर्ण जागा आपोआप ताब्यात घेतो. पण छोट्या कार्डाची हुबेहूब प्रत मोठ्या कार्डावर उतरवली असेल, तर जागा जुन्याइतकीच राहते. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या पडद्यावर, ‘डीएफ -एच’ ही आज्ञा दिली की समजतं: ३२ जीबीच्या कार्डावर सुमारे २९ जीबी दिसायला हवेत. कमी दिसले तर रास्पी-कॉन्फिग या सेटिंगच्या प्रोग्रॅममधून फाइलसिस्टिम वाढवावी. कार्ड काठोकाठ भरलं की कॉपी होणाऱ्या फाइली शून्य बाइटच्या राहतात, सेव्ह लिहिले जात नाहीत, आणि यातलं काहीही स्क्रीनवर येत नाही.

आता वीज. पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा अडॅप्टर हवा. पाय ३ ला २.५ अँपिअर. ‘घरात मोबाइलचा ३३ वॅटचा चार्जर आहे की’ हे उत्तर नेहमी ऐकू येतं. फास्ट चार्जर ते वॅट फोनशी बोलणी करून, बहुधा व्होल्टेज वाढवून देतो. पाय ४ अशी बोलणी करत नाही. त्याला साध्या ५ व्होल्टवर जेवढा प्रवाह मिळेल तेवढाच मिळतो. त्यात बारीक तारेची लांब केबल असेल तर पायपर्यंत पोचेपर्यंत व्होल्टेज आणखी पडतं. ते ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकते आणि प्रोसेसरचा वेग उतरवला जातो. लक्षणं अशी: आवाज तुटक येतो, गेम मध्येच मंदावतो, कंट्रोलर सुटून परत जोडला जातो. फाइल कॉपी होत असताना हे झालं तर फाइलही बिघडू शकते.

खात्रीसाठी ‘व्हीसीजेनकमांड गेट_थ्रॉटल्ड’ ही आज्ञा द्यावी. उत्तर ०एक्स० आलं तर सगळं ठीक. ०एक्स५०००५ म्हणजे आत्ता या क्षणी वीज कमी पडते आहे आणि वेग उतरवलेला आहे. ०एक्स५०००० म्हणजे आत्ता ठीक आहे, पण सुरू केल्यापासून कधीतरी हे घडून गेलं आहे. हा आकडा पाय बंद करेपर्यंत राहतो, त्यामुळे तासभर खेळून मग पाहणं जास्त उपयोगी. याच आज्ञेच्या कुटुंबातली ‘मेझर_टेम्प’ तापमान सांगते. ८० अंशांच्या आसपास पाय ४ स्वतःचा वेग कमी करायला लागतो. मे महिन्यात टीव्हीखालच्या बंद कपाटात, हीटसिंकशिवाय ठेवलेला पाय तिथपर्यंत सहज जातो.

एक जुनी अडचणही माहीत असावी. पाय ४ च्या सुरुवातीच्या बोर्डांमध्ये यूएसबी-सी जोडणीत चूक होती. लॅपटॉपसाठीच्या, आत चिप असलेल्या महागड्या केबलने तो सुरूच होत नसे. जुना बोर्ड हाती आला असेल आणि दिवाही लागत नसेल, तर साधी केबल लावून पाहा.

फाइल आत नेण्याचे तीन रस्ते

पेन ड्राइव्हचा रस्ता सर्वांत सोपा, आणि सर्वांत जास्त घाई इथेच होते. पेन ड्राइव्ह एफएटी३२ किंवा एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. त्यात फक्त एक रिकामा फोल्डर करा, नाव ‘रेट्रोपाय’, इंग्रजीत आणि सगळी अक्षरं लहान लिपीतली. ड्राइव्ह पायला लावा आणि त्याचा दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत हात लावू नका. या वेळात पाय त्या फोल्डरमध्ये प्रत्येक कन्सोलसाठी कप्पे तयार करतो. मग ड्राइव्ह काढून कॉम्प्युटरला लावा, ‘रॉम्स’ या कप्प्यातल्या योग्य फोल्डरमध्ये गेम टाका, आणि परत पायला लावा. पुन्हा दिवा थांबेपर्यंत वाट. दिवाच नसलेला पेन ड्राइव्ह या कामासाठी घेऊ नये, कारण कॉपी संपली की नाही हे कळायला दुसरी खूण नाही. पायवर हे काम मागच्या मागे चालतं, स्क्रीनवर काहीच दिसत नाही.

ही कॉपी पेन ड्राइव्हकडून पायकडे जाते, हेही ध्यानात ठेवा. पायवरून नकोसा गेम पुसला, पण ड्राइव्हवर तो तसाच आहे, तर पुढच्या वेळी ड्राइव्ह लावताच गेम पुन्हा उगवतो.

दुसरा रस्ता सांबाचा, म्हणजे घरच्या नेटवर्कवरून. विंडोजच्या फाइल एक्स्प्लोररमध्ये पत्त्याच्या जागी दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पुढे रेट्रोपाय लिहिलं की रॉम्स, बायोस, कॉन्फिग्स हे फोल्डर समोर येतात. नावाने सापडलं नाही तर रेट्रोपायच्या मेनूतून आयपी पत्ता पाहून तो टाका. बऱ्याचदा तेवढ्यानेच काम होतं. मात्र विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रो आणि त्यावरच्या प्रकारांत पासवर्डाशिवायचा पाहुणा प्रवेश बंद असतो आणि सही केलेली जोडणीच मागितली जाते. रेट्रोपायचं सांबा पाहुण्यांना आत घेण्याच्या पद्धतीने मांडलेलं आहे. म्हणून ‘सुरक्षा धोरणामुळे प्रवेश नाही’ असा संदेश येतो आणि लोक राउटर बदलायला निघतात. विंडोजची ही सुरक्षा उघडी करण्याचे उपाय आहेत, पण ते करू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा तिसरा रस्ता धरावा.

तिसरा रस्ता एसएफटीपीचा, म्हणजे पासवर्ड देऊन सुरक्षित जोडणीने फाइली पाठवण्याचा. रास्पी-कॉन्फिगमध्ये इंटरफेसच्या पर्यायांतून एसएसएच, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवरून आत शिरण्याची सोय, सुरू करा. ते मुळात बंद असतं. कॉम्प्युटरवर विनएससीपी किंवा फाइलझिला घ्या. पत्ता पायचा आयपी, पोर्ट २२, नाव ‘पाय’ आणि मूळ पासवर्ड ‘रास्पबेरी’. हा पासवर्ड जगाला ठाऊक आहे, तेव्हा एसएसएच चालू केल्या केल्या बदलून टाका. माझी पसंती याच रस्त्याला आहे, कारण इथे प्रत्येक फाइल किती गेली आणि कुठे अडली हे डोळ्यांसमोर दिसतं. वायफाय मध्येच तुटलं तर विनएससीपीच्या अर्धवट फाइलीच्या नावामागे ‘फाइलपार्ट’ चिकटलेलं राहतं. असा गेम यादीत दिसत नाही, आणि का दिसत नाही ते तिथल्या तिथे कळतं. पाय ३ बी फक्त २.४ गिगाहर्ट्झ वायफाय पकडतो. मोठ्या फाइली असतील तर थेट लॅन केबल लावावी.

रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेला वापरकर्ता, म्हणून आत शिरून फाइली टाकल्या, तर त्यांची मालकी रूटकडे जाते. गेम वाचता येतो, चालतोही, पण त्याच फोल्डरमध्ये सेव्ह लिहायला परवानगी नसते. प्रत्येक वेळी पहिल्या पातळीपासून सुरुवात करावी लागते. ‘सीएचओन -आर’ देऊन रेट्रोपायचा पूर्ण फोल्डर ‘पाय’ या वापरकर्त्याच्या नावावर केला की हे मिटतं.

यादीत गेम दिसत नाही

एम्युलेशनस्टेशन, म्हणजे समोर दिसणारा मेनू, सुरू होतानाच फोल्डर वाचतो. नंतर टाकलेला गेम दिसण्यासाठी स्टार्ट दाबून, क्विटमध्ये जाऊन तो परत सुरू करावा लागतो. ज्या कन्सोलच्या फोल्डरमध्ये एकही ओळखीची फाइल नाही, तो कन्सोल मेनूतच येत नाही. म्हणून कन्सोलच गायब असेल तर फाइलीचं शेपूट, म्हणजे नावातल्या शेवटच्या टिंबानंतरची अक्षरं, तपासा. आरएआर फाइल कुठेच चालत नाही. निन्टेंडो, सेगा यांचे छोटे गेम झिपमध्येही चालतात, प्लेस्टेशनचे नाहीत. विंडोज मूळात फाइलींची शेपटं लपवतं, त्यामुळे ‘एनईएस’ दिसणाऱ्या फाइलीचं खरं शेपूट ‘एनईएस.टीएक्सटी’ असण्याचे प्रकार होतात; आधी तो पर्याय बंद करावा.

उलट प्रकार मॅकवरून कॉपी केल्यावर कधीकधी होतो: प्रत्येक गेमचं जोडनाव यादीत येतं आणि ते उघडत नाही. मॅक पेन ड्राइव्हवर प्रत्येक फाइलीसोबत ‘बिंदू-अधोरेषा’ने सुरू होणारी छोटी लपलेली फाइल ठेवतो, ती ही. मॅकवरच ‘डॉट_क्लीन’ चालवून ड्राइव्ह साफ करावा.

गेमची नावं, चित्रं आणि आवडत्यांच्या खुणा गेमलिस्ट नावाच्या फाइलीत असतात. मेनू चालू असताना ती बाहेरून बदलली तर व्यर्थ, कारण मेनू बंद होताना आपल्याजवळची प्रत वर लिहितो. याचाच दुसरा अर्थ असा की वायर उपसून पाय बंद केला तर त्या बैठकीतल्या नव्या खुणा लिहिल्याच जात नाहीत.

सुरू होतो आणि लगेच मेनूवर परत येतो

इथे अंदाज करणं थांबवून लॉग, म्हणजे प्रोग्रॅमने लिहिलेली घडामोडींची नोंद, वाचावा. गेम फसल्यावर कीबोर्डवरचं एफ४ दाबून टर्मिनलमध्ये या आणि ‘डेव्ह’मधल्या ‘एसएचएम’ फोल्डरातली रनकमांड लॉग ही फाइल उघडा. ती मेमरीत असते, पाय बंद केला की गेली, त्यामुळे लगेच पाहावी. बहुतेक वेळा शेवटच्या दहा-बारा ओळींत उत्तर असतं: बायोस (कन्सोलचा स्वतःचा मूळ प्रोग्रॅम) सापडला नाही, फाइल उघडता आली नाही, किंवा अमुक चिपची फाइल कमी आहे.

प्लेस्टेशनचं उदाहरण घेऊ, कारण तिथे एका गेमच्या अनेक फाइली असतात. सीडीची प्रत साधारणपणे एक क्यू आणि एक किंवा अधिक बिन फाइली अशी असते. बिनमध्ये सगळा माल, क्यू म्हणजे दोन-चार ओळींची साधी मजकूर फाइल, कोणता ट्रॅक कुठल्या बिनमध्ये आहे हे सांगणारी. रेट्रोपायच्या यादीत क्यू दिसते, बिन दिसत नाही. क्यू न टाकता फक्त बिन टाकली तर गेम दिसणारच नाही. एकाच ट्रॅकचा गेम असेल तर हरवलेली क्यू नोटपॅडमध्ये हाताने लिहिता येते. पहिल्या ओळीत फाइल हा शब्द, अवतरणात बिनचं नाव आणि बायनरी. दुसऱ्या ओळीत ट्रॅक ०१, मोड२/२३५२. तिसऱ्या ओळीत इंडेक्स ०१, ००:००:००. हे शब्द इंग्रजी मोठ्या अक्षरांत, बिनचं नाव मात्र फाइलीवर आहे तसंच. संगीताचे वेगळे ट्रॅक असलेल्या गेमला अशी क्यू दिली तर गेम चालतो, पण पार्श्वसंगीत मुकं होतं.

सर्वाधिक आढळणारा घोळ नाव बदलण्याचा. यादी नीटनेटकी दिसावी म्हणून बिन आणि क्यू दोन्हींची नावं बदलली जातात, पण क्यूच्या पोटातलं नाव जुनंच राहतं. तिला नोटपॅडमध्ये उघडून पहिली ओळ सुधारली की गेम चालतो. आणखी एक सापळा फक्त पायवरच दिसतो. विंडोजला लहान-मोठी अक्षरं सारखीच, लिनक्सला नाहीत. क्यूमध्ये शेपूट लहान अक्षरांत आणि फाइलीवर मोठ्या अक्षरांत असेल तर विंडोजवर सुरळीत चाललेला गेम पायवर उघडत नाही.

या कटकटीतून सुटायचं तर सीएचडी करून घ्यावं. मेम या आर्केड एम्युलेटरसोबत येणाऱ्या सीएचडीमॅन या साधनाला ‘क्रिएटसीडी’ ही आज्ञा, ‘-आय’ने क्यू आणि ‘-ओ’ने नव्या फाइलीचं नाव दिलं की सगळे ट्रॅक एका फाइलीत येतात, आकारही कमी होतो आणि काही हरवत नाही. नाव मग हवं ते ठेवा. अनेक सीडींच्या गेमसाठी एम३यू ही मजकूर फाइल करून तिच्यात प्रत्येक सीएचडीचं नाव एकेका ओळीत लिहा आणि गेम तिच्यावरून सुरू करा. सीडी बदलायची वेळ आली की रेट्रोआर्चच्या, म्हणजे एम्युलेटर चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, मेनूत डिस्क कंट्रोल: आधी बाहेर काढा, मग क्रमांक बदला, मग आत घाला. मधली पायरी आधी केली तर क्रमांक बदलत नाही.

प्लेस्टेशनचा बायोस रॉम्समध्ये नव्हे, ‘बायोस’ फोल्डरमध्ये हवा. नाव लहान अक्षरांत: जपानसाठी एससीपीएच५५००, अमेरिकेसाठी ५५०१, युरोपसाठी ५५०२, शेपूट बिन. प्रत्येक फाइल बरोबर ५,२४,२८८ बाइटची असते. नाव आणि आकार जुळला तरी आतला मजकूर वेगळा असू शकतो, म्हणून एमडी५, म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून काढलेली ओळखखूण, तपासावा. ५५०१ चा ४९०एफ ने सुरू होतो आणि ए२४६ ने संपतो. रेट्रोपायमधला पीसीएसएक्स-रीआर्म्ड हा प्लेस्टेशनचा एम्युलेटर बायोस नसतानाही स्वतःच्या नकली बायोसवर काही गेम चालवतो, आणि फसगत इथेच होते. दोन गेम चालले म्हणून बायोस ठीक आहे असं वाटतं, तिसरा मेमरी कार्डाशी येऊन अडतो.

पार्लरमधले गेम: मुस्तफा का चालत नाही

महाराष्ट्रातल्या व्हिडिओ पार्लरमध्ये वाढलेल्यांची पहिली मागणी ‘मुस्तफा’ची असते. म्हणजे कॅपकॉमचा १९९३ सालचा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स. त्याच्या झिपचं नाव ‘डायनो’, चार इंग्रजी अक्षरांचं, आणि ते बदलायचं नाही. कन्सोलच्या गेममध्ये फाइल कुठल्याही नावाची चालते; आर्केडमध्ये, म्हणजे पार्लरमधल्या यंत्रांच्या गेममध्ये, नाव हीच ओळख असते. झिपही सोडायची नाही. आतल्या प्रत्येक फाइलीत मूळ बोर्डवरच्या एकेका चिपचा मजकूर असतो, आणि एम्युलेटर प्रत्येकीचं नाव, आकार आणि तपासणीची बेरीज जुळवून पाहतो.

हे जुळवणं आवृत्तीनुसार बदलतं. मेम२००३ हा गाभा (म्हणजे इथे एम्युलेटर) मेमच्या ०.७८ आवृत्तीवर बेतलेला आहे, मेम२०१० हा ०.१३९ वर, मेम४ऑल तर ०.३७बी५ वर. मेमच्या लोकांनी वर्षानुवर्षं जुन्या चिप पुन्हा नीट वाचल्या, फाइलींची नावं सुधारली, नव्या चिप यादीत घातल्या. म्हणून ०.७८ चा संच, म्हणजे त्या आवृत्तीशी जुळणाऱ्या झिप, नव्या गाभ्यावर अपुरा ठरतो आणि नवा संच जुन्या गाभ्याला ओळखू येत नाही. मुस्तफाच्या बोर्डावर आवाजासाठी क्यूसाउंडची चिप आहे. नव्या मेममध्ये तिची फाइल वेगळ्या झिपमधून मागितली जाते आणि ती नसेल तर गेम उघडत नाही; मेम२००३ ला तिची गरज नाही. अशा वेळी गेम ‘खराब’ नसतो, गाभा आणि संच यांची जोडी चुकलेली असते.

दुसरी गोष्ट मूळ आणि उपसंचाची. डायनोच्या जपानी आवृत्तीच्या नावापुढे एक जे लागतो, अमेरिकेच्या नावापुढे यू. संच ‘स्प्लिट’ पद्धतीचा असेल तर जपानी झिपमध्ये फक्त वेगळ्या चिपच असतात. बाकीचं मूळ डायनो झिपमधून घेतलं जातं, म्हणून दोन्ही एकाच फोल्डरमध्ये हव्यात. ‘नॉन-मर्ज्ड’ संचात प्रत्येक झिप स्वयंपूर्ण असते. मोजकेच गेम ठेवायचे असतील तर हीच पद्धत बरी. निओ-जिओ या आर्केड यंत्राच्या गेमना शेजारी ‘निओजिओ’ नावाची बायोस झिपही लागते.

गेमचं नाव असलेली राखाडी चौकट दिसत असताना कंट्रोलरचं बटण दाबलं की रनकमांडचा मेनू उघडतो. तिथे फक्त त्या गेमसाठी दुसरा गाभा निवडता येतो. पूर्ण आर्केडसाठीचा गाभा बदलण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं, नाहीतर एक गेम चालवताना चालणारे पाच बंद पडतात.

जुन्या कॅसेटी

नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी जे टीव्ही गेम आले, ते बहुतांशी निन्टेंडोच्या फॅमिकॉमच्या नकला होते, ६० पिनांच्या कॅसेटी घेणाऱ्या. या कॅसेटी अजून माळ्यावर सापडतात आणि त्यांतला मजकूर स्वतः काढता येतो. ओपन सोर्स कार्ट रीडर हा अर्डुइनो मेगावर बेतलेला वाचक आणि त्याचं फॅमिकॉमचं अडॅप्टर यासाठी चालतं. भारतीय कॉपीराइट कायद्याचं कलम ५२(१)(एए) प्रोग्रॅमच्या कायदेशीर ताबेदाराला नुकसानीपासून संरक्षण म्हणून प्रत काढू देतं. ते आपल्या स्वतःच्या प्रतीपुरतं आहे. कुणाकडून हजार गेमचं भरलेलं कार्ड विकत घेणं त्यात बसत नाही.

वाचण्याआधी पिना आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीने पुसाव्यात. एक पिन जरी नीट टेकली नाही तर फाइल तयार होते, पण चुकीची. म्हणून दोनदा वाचून दोन्हींचे एमडी५ ताडून पाहावेत. जुळेपर्यंत फाइल खरी धरू नये.

या कॅसेटींत स्वतःची ओळख सांगणारं काही नसतं. एनईएस फाइलीच्या सुरुवातीचे १६ बाइट आपल्याला, किंवा वाचकाला, वरून जोडावे लागतात. त्यांत प्रोग्रॅमचा आकार १६ केबीच्या पटीत, चित्रांचा आकार ८ केबीच्या पटीत आणि मॅपरचा क्रमांक असतो. मॅपर म्हणजे मोठा मजकूर तुकड्यातुकड्यांनी कन्सोलसमोर आणणारी कॅसेटमधली जोडणी. आकाराचा हिशेब पटकन करता येतो. ३२ केबी प्रोग्रॅम आणि ८ केबी चित्रं असलेला साधा गेम ३२,७६८ अधिक ८,१९२ अधिक १६, म्हणजे ४०,९७६ बाइटचा हवा. ४०,९६० भरला तर वरचे १६ बाइट नाहीत, हे फाइल न उघडताच कळतं.

‘९९९९९९ इन वन’ छापाच्या कॅसेटींत खरे गेम मोजके. बाकी त्याच गेमच्या वेगळ्या पातळीपासूनच्या सुरुवाती. त्यांचे मॅपर कुठल्याच अधिकृत कंपनीचे नसतात. मॅपर चुकला की मेनू नीट येतो आणि गेम निवडताच रंगीत चौकोनांचा चिखल दिसतो. अशा वेळी गाभा एफसीईयूएमएम घ्यावा. नकली आणि बहुगेमी कॅसेटींच्या मॅपरची त्याची यादी क्विकएनईएस या दुसऱ्या गाभ्यापेक्षा खूप मोठी आहे.

त्याच गाभ्याच्या पर्यायांत प्रदेशासाठी एनटीएससी आणि पाल या टीव्ही पद्धतींसोबत ‘डेंडी’ असा पर्याय आहे. आपले तेव्हाचे टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला ५० चित्रांचे. त्यांच्यासाठी बनलेल्या नकली कन्सोलवर ६० चा गेम पाच-षष्ठांश वेगाने चाले. एम्युलेटरवर गेम आठवणीपेक्षा घाईत पळतोय अशी तक्रार असेल, तर फाइलीत दोष नाही. डेंडी निवडा, वेग लहानपणीचा होईल.

सेव्ह

गेमची फाइल पुन्हा काढता येते. सेव्ह येत नाही, म्हणून त्याची व्यवस्था सगळ्यांत आधी लावावी.

गेमच्या आतला सेव्ह एसआरएम फाइलीत जातो, गेमच्याच फोल्डरमध्ये आणि गेमच्याच नावाने. गेमचं नाव बदललं तर एसआरएमचंही बदला, नाहीतर सेव्ह नाहीसा झाल्यासारखा वाटतो. रेट्रोआर्च ही फाइल गेममधून बाहेर पडताना लिहितो. गेमने पडद्यावर ‘सेव्ह झालं’ म्हटलं तरी तोवर ते मेमरीतच असतं. मध्येच लाइट गेली तर गेलं. भारनियमनाच्या गावात हा धोका रोजचा आहे. उपाय रेट्रोआर्चच्या कॉन्फिग फाइलीत: ‘ऑटोसेव्ह_इंटरव्हल’ या ओळीला ३० किंवा ६० सेकंद द्या. एखाद्या कन्सोलपुरतं हे द्यायचं असेल तर त्या कन्सोलच्या कॉन्फिगमध्ये, ‘इन्क्लूड’ या ओळीच्या वर लिहा. खाली लिहिलेलं लागू होत नाही.

सिलेक्ट आणि उजवं खांद्याचं बटण दाबून घेतलेला स्टेट सेव्ह, म्हणजे त्या क्षणाची गेमची पूर्ण स्थिती, लगेच कार्डावर जातो, पण तो त्या गाभ्याला बांधलेला असतो. गाभा बदलला, कधी गाभ्याची आवृत्ती बदलली, की तो उघडत नाही. एसआरएम मात्र बहुतेक गाभ्यांत चालते. त्यामुळे रेट्रोपाय अपडेट करण्याआधी प्रत्येक चालू गेममध्ये गेमच्या स्वतःच्या मेनूतून सेव्ह करून, स्टार्ट आणि सिलेक्ट दाबून नीट बाहेर यावं.

नंतर विनएससीपीने रॉम्सच्या फोल्डरमध्ये एसआरएम आणि स्टेट या शेपटांच्या फाइली शोधून कॉम्प्युटरवर उतरवा, कन्सोलनिहाय फोल्डर तसेच ठेवून. यादी तारखेनुसार लावली की शेवटी खेळलेला गेम वर येतो. त्याची तारीख आजची आणि आकार शून्यापेक्षा मोठा असेल तर अपडेट सुरू करायला हरकत नाही.